वर्लिनने न विकलेलं पिस्तूल

"हे लहान आहे. हेच द्या," ती म्हणाली आणि तिने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.

वर्लिन हॅडलीने काचेखालचं पिस्तूल बाहेर काढलं, पण तिच्या हातात दिलं नाही. "जरा दम धरा बाई. कालच आलंय. म्हातारा गस वारला, मुलींनी त्याचं घर आवरलं, त्यात निघालं. जुना माल तपासल्याशिवाय मी विकत नाही."

"किती वेळ लागेल?"

वर्लिनला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. वायोमिंगमधल्या त्या गावात शिकारीच्या हंगामात गिऱ्हाईक यायचं ते तासभर बसायचं. फुकटची कॉफी प्यायचं, एल्क हरणं कुठे दिसली याच्या थापा मारायचं, मग हळूच बंदुकीचा विषय काढायचं. घाई कोणालाच नसायची. तीन वर्षांपूर्वी एकाला होती. शाळेत गणित शिकवणारा ऑरिन. पाच मिनिटांत पिस्तूल घेऊन गेला, उरलेले पैसेसुद्धा न घेता. संध्याकाळी शेरीफचा फोन आला. ते पिस्तूल ऑरिनने स्वतःवरच चालवलं होतं.

तेव्हापासून गल्ल्यामागे एक कार्ड चिकटवलेलं होतं. ज्याला हत्यार विकू नये अशा, जिवाला कंटाळलेल्या माणसाच्या खुणा त्यावर छापलेल्या होत्या. वर्लिनला त्या पाठ होत्या. तरी दिवसातून दोनदा तो ते कार्ड वाचायचाच.

त्याने मॅगझीन काढलं, स्लाइड मागे ओढली आणि आत करंगळी घालून पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली. "आधी कधी चालवलंय?"

"नाही."

"मग कशाला हवंय?"

"एकटी राहते आता."

"कोणी त्रास देतंय का?"

"नाही नाही, कोणी नाही," ती इतक्या झटपट म्हणाली की वर्लिनने मान वर केली. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, निळा कोट, नखं खाल्लेली. नाव शॉना सांगितलेलं. गाडी तिने दुकानाच्या मागे, कचऱ्याच्या पेटीआड लावली होती. इथे असं कोणी करत नाही.

तिच्या पिशवीतला फोन वाजला. तिने तो न बघताच बंद केला.

"घरचे काळजी करत असतील," वर्लिन म्हणाला.

"घरी कुत्रा होता फक्त. काल शेजारणीला देऊन टाकला."

आवडीच्या गोष्टी देऊन टाकणं. कार्डावरची तिसरी ओळ. त्याने भिंग डोळ्याला लावलं, कारण तेवढा वेळ तरी तिच्याकडे बघावं लागणार नव्हतं.

पिस्तूल जर्मन होतं, पोलिसांनी वापरून विकलेलं. स्लाइडवर वर्षाचे दोन आकडे ठोकलेले होते. नळीवर, स्लाइडवर, सांगाड्यावर एकच क्रमांक होता, म्हणजे कोणी भाग बदललेले नव्हते. तोंडाशी काळा रंग उडाला होता, तो चामड्याच्या म्यानात घासून. नळीतले पीळ मात्र नव्यासारखे लखलखीत. चाळीस वर्षं कमरेला बाळगलं आणि क्वचितच चालवलं, असं ते पिस्तूल होतं. स्प्रिंग ताठ, घोडा चोख. असा माल वर्षाकाठी एखादाच हाती लागतो.

"गोळ्यांचा डबा पन्नासचा येतो," तो म्हणाला.

"इतक्या काय करू? थोड्या नाही मिळणार?"

ऑरिननेही हेच विचारलं होतं. अगदी हेच. वर्लिनला भीती वाटली, साधीसुधी नाही, आपल्याच हातांची वाटली. त्याने पिस्तूल खाली ठेवलं.

"हे नाही देता येणार. सांगाड्याला चीर आहे."

"कुठे?"

त्याने आतला एक जुना ओरखडा दाखवला. तीस वर्षांच्या धंद्यात त्याने कधी मालाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. "चालवलंत तर हातात फुटेल."

ती त्या ओरखड्याकडे बघत राहिली. "दुसरं काही?"

"तुमच्या हातात मावेल असं नाही. गुरुवारी येईल."

"गुरुवार," ती म्हणाली आणि हसली. ते हसू बघवत नव्हतं.

"आलं की मी स्वतः फोन करतो. कुठे करू?"

तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. चिठ्ठीवर नदीकाठच्या मोटेलचं नाव आणि खोलीचा नंबर लिहिला. वर्लिनने एक छोटं कार्ड तिच्या पुढ्यात सरकवलं. "या नंबरवर रात्री-अपरात्री कोणीतरी बोलतं. ऐकून घेतात. लाजू नका, बाई."

तिने कार्ड वाचलं. तिचे ओठ हलले, काहीतरी सांगणार असं वाटलं. मग ती एवढंच म्हणाली, "तुम्ही चांगले आहात." आणि मागच्या दाराने गेली.

वर्लिन स्टुलावर बसला. त्याने कॉफी ओतून घेतली. ती बाई जिवंत होती, आणि आपल्यामुळे होती. ऑरिननंतर पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

अर्ध्या तासाने एक माणूस आत आला. हॅट काढून हातात धरलेली, इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल.

"साहेब, माझी बायको इथे आली होती का? निळा कोट. तिचं मन थाऱ्यावर नाही हो. मला भीती वाटते, काहीतरी भलतंच करून बसेल."

वर्लिनने त्याचा हात धरला. "आली होती. घाबरू नका, मी दिलं नाही. खोटं सांगून परत पाठवलं."

"काहीच नाही दिलं? नक्की?"

"चाकूसुद्धा नाही."

माणसाने डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "देव तुमचं भलं करो. गेली कुठे, काही बोलली?"

वर्लिनने गल्ल्यातली चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि त्याला दारापर्यंत सोडायला गेला. बाहेर ट्रक चालूच होता, आत त्याच्याच चेहऱ्याचा एक तरुण बसलेला.

"नदीकाठचं मोटेल, खोली नऊ," हॅट डोक्यावर चढवत माणूस त्याला म्हणाला. "आणि बंदूक मिळालेली नाही तिला. चल, आता काही भीती नाही."