झोपेत न येणारे ढेकर

बाबांना खुर्चीत बसता बसता एक ढेकर आला आणि डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडेपर्यंत दुसरा. कवळीवाल्याने मनातल्या मनात आकडा वाढवला. सकाळपासून एकतीस झाले होते.

दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा, म्हणून बाजारात सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. एरवी दिवसभर एका जागी बसून मेणावर एकेक दात बसवणारा हा माणूस आज खुर्चीला पाठ टेकायला तयार नव्हता. थोरल्या काकांचं दुखणं असंच साध्या ढेकरांनी सुरू झालं होतं आणि आठ महिन्यांत ते गेले. तेव्हापासून बाबांनी ढेकर दिला की याचा जीव टांगणीला लागायचा. आणि बाबांना विचारावं तर त्यांचं पालुपद एकच, मला काही झालेलं नाही.

“दुर्बिणीची तपासणी चांगली आहे. सोनोग्राफी चांगली आहे. रक्तातही काही नाही,” बाई कागद उलटत म्हणाल्या.

“सगळं चांगलं आहे, मग हे काय आहे?” कवळीवाला म्हणाला, आणि बाबांनी नेमका तेव्हाच बत्तिसावा दिला.

“काका, जेवताना घाई होते का?”

“छे, तास तास जेवतात,” उत्तर कवळीवाल्याने दिलं.

“सोडा? सिगारेट? च्युइंगगम?”

“कशाला शिवत नाहीत. दूध बंद केलं, कोबी बंद केला, वाटाणे, राजमा सगळं बंद. आता ताटात ताटच तेवढं उरलंय.”

“मी काकांना विचारतेय.”

“तो सांगतो तसंच,” बाबा म्हणाले आणि खिडकीकडे बघू लागले.

“झोपेत येतात?”

“एकही नाही,” पुन्हा कवळीवालाच. “तीन रात्री उशाशी बसून बघितलंय मी.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. पाण्याचा पेला बाबांच्या हातात दिला आणि प्यायला सांगितलं. बाबा पीत होते तेव्हा त्या पोटाकडे न बघता त्यांच्या गालांकडे बघत होत्या. दर घोटाला गाल आत ओढले जात आणि तोंडात बारीकसं टक् होई. पेला रिकामा झाला, तरी बाबांचे गाल आपले मधूनमधून आत जातच होते.

“रात्री कवळी काढून ठेवता ना, काका?”

बाबांनी मान डोलावली.

“हवा पोटात तयार होत नाहीये, वरून जातेय. कवळी ढिली असली की माणूस ती जिभेने सारखी वर दाबतो, चोखत राहतो. दर वेळी थोडी हवा गिळली जाते. ती बाहेर यायचीच.”

कवळीवाल्याला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. थोरल्या काकांचं भूत मानेवरून उतरलं होतं. पण तो ताडकन उभा राहिला.

“कवळीत दोष नाही, मॅडम. मी स्वतः केलीय ती. सहा डॉक्टर माझ्याकडे मापं पाठवतात. आणि ही तर माझी पहिली कवळी.”

“मग तुम्हीच बघा ना. काढा, काका.”

बाबांनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाले, “तू जरा बाहेर जा.”

“का?”

“जा म्हणतो ना.”

तो गेला नाही. दारापर्यंत जाऊन परत आला, खुर्चीच्या मागे उभा राहिला, पुन्हा पुढे आला. हे आपल्यापासून नक्की काय लपवतात, या विचाराने त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. शेवटी बाबांनीच हार मानली. भिंतीकडे तोंड करून त्यांनी कवळी काढली आणि मागे न बघताच त्याच्या हातावर ठेवली.

त्याने ती उलटी केली. हिरडीवर बसणाऱ्या बाजूला सुती कापडाची एक पट्टी चिकटवलेली होती. कमानीच्या आकारात बिनचूक कापलेली, मागे जाड, पुढे येता येता पातळ. हे काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. बाबांची पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर गेली होती आणि सूतभर फरक असला तरी त्यांनी माल परत पाठवलेला होता.

“हे काय आहे, बाबा?”

“पॅकिंग,” बाबा भिंतीला म्हणाले. “आठवड्याला बदलतो. हल्ली पुरत नाही. हिरडी झिजली असेल.”

गिऱ्हाइकांना तो बजावून सांगायचा, दर चार वर्षांनी कवळी दाखवून जा, हिरड्या झिजतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“किती वर्षं झाली ढिली होऊन?”

बाबा रुमालाने तोंड पुसू लागले.

“बाबा, कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

बाईंनी फाईल मिटली. कवळीवाल्याने कवळी पुन्हा उलटसुलट करून बघितली. ती बसवून अकरा वर्षं झाली होती.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” तो म्हणाला. “तेव्हाच्या तेव्हा विचारलं होतं, कशी बसलीय म्हणून. झक्कास म्हणालात तुम्ही.”

बाबा वळले. माप घेतलं त्यानंतर त्यांचं बोळकं तोंड त्याने उजेडात आजच बघितलं.

“विचारलंस खरं,” ते म्हणाले. “पण दोन्ही हातांनी आरसा धरून उभा होतास तू. आणि मला आरशाच्या वरून तुझं हरखलेलं तोंड दिसत होतं.”