तिचं अर्धं वाक्य

शिट्टी वाजली आणि सगळा वर्ग ज्याला भोंगा म्हणायचा तो मुलगा तोंड उघडं ठेवूनच गप्प झाला.

"बघितलंत, बाई?" इतिहासाच्या सरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे मुख्याध्यापिका बसल्या होत्या, मुलांच्या बाकात मावत नसल्यामुळे जरा तिरक्या. "मुलगी बोलत असताना कुणी मध्ये तोंड घातलं की शिट्टी. मग तो कुणी का असेना. या पोरांच्या सवयी काय होत्या, तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको."

शिट्टीची कल्पना सरांचीच. मुलांनी मुलींशी बरोबरीनं वागावं म्हणून शाळेनं आठवड्याला एक तास ठेवायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्या शिक्षकांना एकाएकी वह्या तपासायच्या आठवल्या. सरांनी मात्र तास अंगावर घेतला, खेळाच्या खोलीतून शिट्टी आणली आणि पहिल्या बाकावरच्या अबोल मुलीच्या गळ्यात घातली. तिचा आवाज कसा आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं; आता तो शेजारच्या वर्गातही पोचत होता. घरी आईलाही वाक्य पुरं करू न देणारा भोंगा हल्ली हात वर करून ताटकळायचा. सरांनी हे सगळं स्वतःच्या नावे केव्हाच जमा धरलं होतं. आज बाईंनी डोळ्यांनी बघितलं की झालं.

"हं, तू बोल गं," सर म्हणाले.

खिडकीजवळची उंच मुलगी उठली. "शाळेत कुठे जायला नको वाटतं, तेच सांगायचंय ना?"

"अगदी मोकळेपणानं."

"पाण्याच्या नळापाशी. परवा मधल्या सुट्टीत मी बाटली भरायला गेले, तर पोरं वाट अडवून उभी. म्हणाली, पाणी पाहिजे असेल तर आधी—"

सरांची नजर मागच्या बाकाकडे गेली. परवा ते तिथूनच गेले होते. 'आधी नाचून दाखव' हे त्यांनी ऐकलं होतं, त्यावर उठलेला हशाही. पण हातातला चहा निवत चालला होता. "चला रे, घंटा होईल आता," एवढंच ते पोरांना म्हणाले होते, आणि जाता जाता तिला, "तू तरी कशाला थांबतेस इथे? घरून भरून आणावी बाटली." आता ते सगळं तिच्या वाक्यातून बाहेर यायचं होतं. मागे बाई बसलेल्या असताना.

"बरं बरं," सर म्हणाले, "म्हणजे नळापाशी फार गर्दी होते—"

शिट्टी.

वर्ग फिसकन हसला. सरही हसले, वेळ मारून नेण्यापुरतं हसणं त्यांना छान जमायचं.

"गर्दी नव्हती, सर. तेवढ्यात तिथून—"

"तिला म्हणायचंय की पोरं कधीकधी थट्टेत—"

शिट्टी. या वेळी लांबलचक. कुणी हसलं नाही.

"दे ती इकडे." सरांनी हात पुढे केला. "प्रत्येक गोष्टीचा पोरखेळ करायचा नसतो."

अबोल मुलीनं दोरी गळ्यातून काढली. ती वेणीत अडकली. तिनं शांतपणे सोडवली आणि शिट्टी सरांच्या तळहातावर ठेवली. ओली होती. उंच मुलीनं ते पाहिलं. मग "झालं माझं, सर," म्हणाली आणि खाली बसली.

"छान," मागून बाई म्हणाल्या. "शिस्त चांगली लावलीत हो तुम्ही."

सरांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण शिट्टी मुठीत गार लागत होती, आणि पहिल्या बाकावरची मुलगी पूर्वीसारखी बाकाच्या लाकडाकडे बघत बसली होती. एवढे दिवस खपून जे उभं केलं, ते मोडायला नुसता हात पुढे करणं पुरलं होतं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून हात वर झाला. भोंग्याचा.

"तुझं काय रे आता?"

"सर, तिचं झालं नव्हतं."

"तीच म्हणाली ना झालं म्हणून? तुला कशाला नसती उठाठेव?"

"नव्हतं झालं, सर. पुढे मी येतो." भोंग्याचे कान लालबुंद झाले होते. "तिच्या सांगण्यात. नाचून दाखव असं मीच म्हणालो होतो."

मागचा बाक करकरला. बाई सरळ होऊन बसल्या होत्या.

सरांनी मूठ उघडून शिट्टीकडे पाहिलं. मग पहिल्या बाकाशी गेले आणि शिट्टी त्यावर ठेवली. अबोल मुलीनं ती आधी रुमालानं नीट पुसली आणि मगच गळ्यात घातली.

"बोल," सर उंच मुलीला म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला.

ती उठली. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. बाटली, नळ, वाट अडवणारी पोरं. भोंगा काय म्हणाला ते, आणि बाकीचे कसे हसले तेही. भोंगा मान खाली घालून ऐकत होता, पण मध्ये बोलला नाही.

"आणि तेवढ्यात," ती म्हणाली, "तिथून—"

ती थांबली. तिनं सरांकडे पाहिलं.

कुणीतरी मध्ये बोलावं असं सरांना फार वाटलं. घंटा तरी व्हावी. बाईंनी काही विचारावं. निदान भोंग्यानं तरी तोंड उघडावं. पण सगळा वर्ग तिच्याकडे बघत, वाक्य पुरं व्हायची वाट पाहत राहिला. सरांनी शिकवलं होतं, अगदी तसा.