पांढरा चौकोन

एकाच छातीचे दोन एक्स-रे पडद्यावर शेजारी शेजारी होते. पहिल्याखाली प्रोग्रामने लिहिलं होतं, 'टीबीचा दाट संशय'. दुसऱ्याखाली, 'निरोगी'.

"तुझी मशीन सरकारी हाय काय बाय?" स्टुलावर बसलेले अफरीनचे अब्बा, अब्दुस्समद, म्हणाले. "एका तोंडानं हाय बोलते, दुसऱ्यानं न्हाय."

अफरीन हसली नाही. एक्स-रे वाचणारा हा प्रोग्राम तिने काही वर्षं खपून घडवला होता. सोमवारपासून तो आसपासच्या छोट्या दवाखान्यांत लागणार होता. त्याआधी मुरूडच्या या दवाखान्यात चाचणी होती, आणि आगरदांड्याहून अब्बांना तिनेच बोलावून घेतलं होतं.

"दोन्हींत फरक काय?" तिने विचारलं.

"पहिल्यात काकांच्या गळ्यात तावीज राहिला," एक्स-रे काढणारा दिपेश म्हणाला. "म्हणून दुसरा काढला. उतरवायलाच तयार नव्हते. केवढ्या विनवण्या केल्या, मॅडम!"

पहिल्या एक्स-रेमध्ये बरगड्यांवर लहानसा पांढरा चौकोन होता. ताविजाची चांदीची डबी. अफरीनने तो काळ्या रंगाने झाकला आणि एक्स-रे पुन्हा तपासायला दिला. 'निरोगी'. काल चाचणीसाठी दिपेशचाही एक्स-रे काढला होता. त्यावर तिने तसाच पांढरा चौकोन चिकटवला. 'टीबीचा दाट संशय'.

"मला?" दिपेशचा हात छातीवर गेला.

"तुला काही नाही. तो फुप्फुसं बघतच नाहीये. तावीज बघतोय."

प्रोग्राम शिकला होता तो याच किनाऱ्यावरच्या जुन्या एक्स-रेंवर. त्यातले निरोगी बहुतेक गल्फला जाणारे. मेडिकलसाठी आलेली ही तरुण मुलं गळ्यातलं सगळं उतरवून उभी राहत. आजाऱ्यांचं तसं नव्हतं. दुखणं लांबलं की घरचे गळ्यात तावीज नाहीतर ताईत बांधत, आणि बरं वाटेपर्यंत तो उतरवू देत नसत. एक्स-रेवालेही मग आग्रह धरत नसत.

तिने मुंबईला आपल्या प्रमुखांना फोन लावला. "विनेश सर, सोमवारचं थांबवा... नाही, दुरुस्ती नाही. पहिल्यापासून शिकवावं लागेल." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"म्हंजे मला काय न्हाय ना?" अब्बांनी विचारलं.

"माहीत नाही, अब्बा. याच्या दोन्ही उत्तरांना अर्थ नाही. डॉक्टर स्वतः बघतील."

"मंग हा बांध आधी." त्यांनी तावीज पुढे केला आणि पाठ वळवली.

दोरा मानेमागे नेता नेता अफरीनचे हात थांबले. दोरा कोरा होता. काळा रंग जरासुद्धा विटला नव्हता.

"हा कधी बांधलात? मी ईदला घरी आले तेव्हा नव्हता."

"असाच."

"असाच कोणी बांधत नाही, अब्बा."

दिपेश दार लोटून बाहेर गेला. अब्बांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमालाची घडी काढली आणि न उलगडता मागे तिच्या हातात दिली. घडीच्या कडेला तांबूस डाग वाळला होता.

"मीच धुतो," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "अम्मीला म्हायत न्हाय."