एका बहिणीसाठी

“पाळकाच्या घरातल्या बाईनं रडायचं ते न्हाणीघरात, नळ सोडून,” असं सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. चर्चच्या पाळकाची बायको म्हणून पाळकीणबाईंनी तेवीस वर्षं ते निमूट पाळलं. आता गळ्यापाशी गाठ आली होती, आणि तपासणीचा निकाल गुरुवारी यायचा होता.

बायकांच्या प्रार्थनासभेत सलग तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “एका बहिणीसाठी प्रार्थना करा. आजाराच्या भीतीनं तिला अन्न गोड लागेनासं झालंय.”

“अजून भितेच का ती?” पेटी वाजवणाऱ्या काकू म्हणाल्या. “विश्वास कच्चा असणार. तुम्हीच शिकवलंत ना बाई, विश्वास असला की भीती दाराशीसुद्धा उभी राहत नाही म्हणून.”

पाळकीणबाई मनातल्या मनात चरफडल्या. आपलंच वाक्य, आणि आपल्याच अंगावर धावून आलेलं.

तेवढ्यात, कधी तोंड न उघडणारी शिवणवाली म्हणाली, “कच्चा तर कच्चा. प्रभूनं काय पक्क्यांनाच जवळ केलं होतं? तिला इथं घेऊन या, बाई. पोटभर भिऊ दे तिला. आपण हात धरून बसू.”

पाळकीणबाईंनी मांडीवरचं बायबल मिटलं.

 

“इथंच आहे ती,” त्या म्हणाल्या. “मला फार भीती वाटते गं. धर हात.”