त्याच नंबरचं कार्ड

“नंबरावर जाऊ नका, विश्रामकाका,” शैलेश म्हणाला आणि त्यानं दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी चालू केल्या.

शैलेशचं बोईसरला जुन्या कॉम्प्युटरचं दुकान. डावीकडे विश्रामकाकांनी केळव्याहून रिक्षात मांडीवर धरून आणलेला त्यांच्या लेकाचा, केदारचा डेस्कटॉप, उजवीकडे दुकानातला जुना लॅपटॉप. दोन्हींतही एकाच नंबरचं ग्राफिक्स कार्ड. मग चित्र सारखंच दिसायला काय हरकत होती? पण छे! केदारचा आवडता शर्यतीचा गेम डावीकडे सुसाट पळत होता, आणि उजवीकडे तीच गाडी समुद्रकाठच्या वळणावर अडखळत होती.

शैलेशनं समजावलं. लॅपटॉपचं अंग पातळ, पंखा एवढासा, त्यामुळे कार्डाला वीज बेतानंच द्यावी लागते. जास्त दिली तर तापून बसेल. सुपारीच्या वाडीला पाणी लावणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. पंप तोच, पाइप बारीक.

आता चांगला डेस्कटॉप देऊन हे मरतुकडं घ्यायची बुद्धी कुणाला होईल? पण काकांचा इलाज नव्हता. कारखान्यात शिडीवरून पडून केदारचा कणा मोडला होता, पाय लुळे पडले होते. तोंडावर रसायनही उडालं होतं, पण डोळे निभावले, असं केदारनंच सांगितलं. दवाखान्यातून घरी आल्यापासून पोरगं भिंतीकडे तोंड करून पडलेलं. आईनं, मंगलाकाकूंनी घास भरवला तर खायचं, नाहीतर तेही नाही. फोन हातात दिला तर बाजूला सारायचं. डेस्कटॉप पलंगाजवळ आणला तर म्हणालं, खुर्चीत बसता येईल तेव्हा बघू, आत्ता न्या तो. ती वेळ कधीच येणार नव्हती, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

लॅपटॉप मांडीवर ठेवला तर पोरगं खेळेल, खेळलं तर जेवेल. काकांची सगळी आशा एवढ्यावर अडकली होती. धास्ती एकच. केदार या कार्डांतला पक्का जाणकार. पहिल्या पगारापासून एकेक भाग जमवून त्यानंच तो डेस्कटॉप उभा केला होता. बापानं काय गळ्यात मारलंय, ते त्याला लगेच कळणार.

“त्याला फरक कळता कामा नाय,” काका म्हणाले. “तेवढं कर.”

शैलेशनं गेममधल्या सावल्या काढून टाकल्या, समुद्राच्या पाण्यावरची लकाकी घालवली. गाडी अडखळायची थांबली, चित्र मात्र शिळ्या भातासारखं झालं. लॅपटॉप चालू करताच गेम आपोआप उघडेल, अशी सोयही त्यानं करून दिली. स्क्रीनची वायर जरा ढिली आहे, हिसका बसू देऊ नका, असंही बजावलं. डेस्कटॉप बदल्यात द्यावा लागला. निघताना काकांनी त्याच्यावरून हात फिरवला, आणि मग त्यांना स्वतःचाच राग आला.

घरी आल्यावर त्यांनी केदारला उशांना टेकवून बसवलं. झाकण उघडलं, बटण दाबलं, लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि ते पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसले. स्क्रीनकडे बघायची त्यांची छाती होईना. ते लेकाचं तोंड बघत राहिले.

धून वाजली, गाड्या गुरगुरायला लागल्या. केदारची बोटं सवयीनं बटणांवर गेली.

“कसा हाय?” काकांनी विचारलं.

केदारनं खटाखट बटणं दाबली. मग हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच.

“डेस्कटॉपची बरोबरी करतोय की, बाबा. पाण्याची लकाकी तर बघा.”

लकाकी शैलेशनं काकांच्यादेखतच काढली होती. म्हणजे पोराला सगळं कळलं होतं, आणि ते बापाचं मन राखत होतं. काकांना रडू आलं, पण जीवही भांड्यात पडला. जेवण वाढू का, असं मंगलाकाकूंनी आतून विचारलं, तेव्हा केदार चक्क हो म्हणाला.

डोळे पुसून काका उठले आणि चार्जर लावायला उशाकडे गेले. गाड्या जोरात गुरगुरत होत्या. केदार खांदा झुकवून वळण घेत होता.

“हे वळण लय भारी दिसतं, बाबा,” तो म्हणाला.

त्याच्या मांडीवरची स्क्रीन काळीठिक्कर होती.