फक्त चालू-बंद

"मॅडम, प्रतीला फक्त बघायचं आणि चालू-बंद करायचं. आत डोकावायचं नाही," सर्व्हर सांभाळणारे टेंभेकर म्हणाले.

शर्वरीला तेवढं पुरे होतं. तिच्याऐवजी ऑफिसात राबणारी तिच्या मेंदूची प्रत हल्ली सहानंतरही चालूच असायची. नक्की काहीतरी शिजत होतं. जाब विचारायला बसलं, की प्रतीशी जोडणारी कानामागची चकती गरम व्हायची आणि शर्वरीला गाढ झोप लागायची.

तिने परवानगीच्या अर्जावर सही केली. टेंभेकर तो फाइलला लावत असताना तिला खालचा अर्ज दिसला. सही हुबेहूब तिचीच. अर्जदार : प्रत. परवानगी कोणावर : शर्वरी टिपणीस. फक्त बघणे, चालू-बंद करणे.

"हा कसला अर्ज?"

"तो ना? महिन्यापूर्वीच मंजूर झालाय."

तिच्या कानामागची चकती गरम व्हायला लागली.