कच्ची भिंत

दिवाणखान्याची चुन्याची भिंत घोटून घोटून आरशासारखी केली, तेव्हा कुठे कारागिराने हातातली थापी खाली ठेवली.

"काकू, भिंत अजून कच्ची आहे. घरात सगळ्यांना बजावून ठेवा, हात लावायचा नाही. तरी कुणीतरी लावतंच म्हणा, प्रत्येक घरात लावतं! मग मला बोलवा, येऊन परत घोटून देतो."

"सांगते हो. पण आमची मंडळी कसली ऐकतायत!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन. "लावलाच बघा मेल्यांनी हात!"

तो आला. भिंतीच्या ऐन मधोमध पंजा उमटला होता, पाचही बोटं चांगली दाबून.

"पोरं भलतीच द्वाड दिसतात," तो हसला. "आहेत कुठे?"

"आत्ताच बाहेर पडली सगळी. तुमची अगदी थोडक्यात चुकामूक झाली."

त्याने पंजा बुजवला, भिंत पुन्हा घोटली. काकूंनी चहा आणला. कप घेताना त्यांच्या नखांतला चुना त्याला दिसला. तो बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश चहा प्यायला.

निघताना तो दारात चपला घालायला वाकला. तिथे त्याच्या चपलांशेजारी एकच बायकी जोड होता.

"काकू, गुरुवारी येतो परत. भिंत बघायला."

काकू चाचरल्या. "आणि... कुणी हात लावलाच नाही तर?"

"तरी येतो."